शाडूसाठी मंद बल्ब

ज्येष्ठातल्या एका सोमवारी सकाळी माझा दादा कारखान्यात वारला. मूर्तींवर फडकी टाकायचं काम चाललं होतं. वहिनी चहा घेऊन खाली गेली तेव्हा तो जमिनीवर होता. डॉक्टर आले. दुपारी त्याला नेलं. संध्याकाळी घरात आम्ही दोघी होतो.

पेणमध्ये कारखाना म्हटलं की गणपतीचा. आमचा लहान आहे. तळमजल्यावर एक लांबट खोली, तिच्या मागे पत्र्याची पडवी, आणि वर आमचं घर. तिथे आम्ही तिघं राहायचो, दादा, वहिनी आणि मी. मी लग्न केलं नाही. रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळच्या गाडीने येते आणि उरलेला वेळ पुस्तकात घालवते. दादा गेल्यावर मला कळलं की इतकी वर्षं मी निवांत वाचत बसू शकले, ती खालून त्याच्या कामाचा आवाज येत असे म्हणून. आता आवाज नव्हता आणि एक पान धड वाचून होत नव्हतं. बसले की उठावंसं वाटे. उठले की कशासाठी उठले ते आठवत नसे. गॅलरीत जाऊन यायचे, माठावरचं झाकण उचलून पुन्हा ठेवायचे. एकदा गाडीतून मध्येच, नागोठण्याला उतरले आणि गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं. पुढे एसटीने गेले.

तेराव्यापर्यंत कारागीर येणार नव्हते. तशी रीत आहे. पण शाडू कुणासाठी थांबत नाही. प्लास्टरची मूर्ती बघता बघता घट्ट होते. शाडूची हळूहळू, आतून बाहेर वाळावी लागते. नुसती सोडून दिली तर वरून आवळते, पोटात ओली राहते आणि तडकते. पावसाळ्यात ऊन नसतं. रोज फडकं बदलायचं, मूर्ती फिरवायची, जरा कडक झाली की मांडणीवर बल्बांखाली ठेवायची. हे कुणीतरी करायला हवं होतं. लोकांनी आपापले पाट आणून दिले होते. आमच्याकडे अजून ती पद्धत आहे, घरचा पाट कारखान्यात पोचला की त्या घरचा गणपती आपल्याकडे आहे असं समजायचं. ते पाट भिंतीला लावून उभे होते, पाठीवर खडूने आडनावं लिहिलेले.

तिसऱ्या दिवशी वहिनी खाली गेली.

आमची चुलती त्या दिवसांत दोन्ही वेळा जेवण आणायची. तिने जिन्यातूनच विचारलं, "खाली कोण हाय?"

"वहिनी."

"सुतकात? देवाला हात लावते?"

खालून वहिनीचा आवाज आला. "देव नाय, काकी. माती हाय. रंगाने डोळे काढेपर्यंत माती, असं हेच सांगायचे."

"सांगायचे, व्हय," चुलती डबा ठेवत म्हणाली. "सांगणारा गेला ना पण."

ती वाईट बाई नाही. चार लोक बाहेर जे बोलतील ते ती आधी तोंडावर बोलून मोकळी होते. वहिनीने काम सोडलं नाही. पण त्या दिवसापासून ती खाली जाण्याआधी हात दोनदा धुवायला लागली, आणि मातीत घालायचेच हात दोनदा का धुते ते मी तिला विचारलं नाही.

आता बल्बांबद्दल सांगायला हवं.

पुष्कळ वर्षांपूर्वी, नववीच्या धाराविद्युतच्या धड्यासाठी मी घरी एक लाकडी बोर्ड तयार करत होते. दोन होल्डर, दोन सारखे शंभर वॅटचे बल्ब. आधी एकसर जोडणी केली, म्हणजे वीज एका बल्बातून निघून दुसऱ्यात जाते. दोन्ही बल्ब तांबूस, आजारी माणसासारखे पेटले. दादा हात धुवायला वर आला होता.

"काय गो, अर्धीच लाईट आली काय?"

"अर्धी नाही. दोघं वाटून घेतायत. आता बघ." मी वायर बदलून समांतर जोडणी केली, प्रत्येक बल्ब थेट विजेला. खोली झळाळली. त्याने डोळ्यांवर हात धरला.

"मगाचची कर परत."

मी केली. तो पुढे आला आणि मातीचा हात बल्बाजवळ न्यायला लागला. मी ओरडले, आधी हात पूस. त्याने लेंग्याला हात पुसले आणि तळवा बल्बाजवळ धरून बराच वेळ उभा राहिला.

"ते दुसरं वैशाखातलं ऊन हाय," तो म्हणाला. "हे श्रावणातलं. मला हे पाहिजे."

तोवर तो मांडणीवर एकेक बल्ब लावायचा आणि दिवसभर वरखाली करत बसायचा. जवळ आला तर तडा, लांब गेला तर मूर्ती ओली. त्या आठवड्यात त्याने सगळी मांडणी जोडीजोडीने करून घेतली, प्रत्येक जोडी एकसर. गिऱ्हाइकं चेष्टा करायची. एकजण दर वर्षी विचारायचा, "काय शेठ, वीज मंडळावर दया करता काय?" दादा म्हणायचा, "देवाला झोप लागायला नको?" खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नव्हे. त्याला समजावून सांगायचा कंटाळा होता. वहिनीलाही एवढंच माहीत होतं की बल्ब मंद असतात.

वहिनीचा भाऊ रोह्याचा. तिथल्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. दादा गेल्यावर आमच्याकडे खऱ्या अर्थाने धावून आला तो तोच. शिफ्ट संपली की भर पावसात मोटरसायकलवरून पेणला यायचा, बहिणीजवळ बसायचा, काहीतरी दुरुस्त करायचा आणि परत जायचा. त्याला बोलून धीर देता येत नाही. त्याने नळ बदलला, पडवीचा पत्रा बसवला, आणि तेराव्याच्या आधी एके दुपारी कारखान्यात बहीण त्या तांबूस उजेडात एकटी बसलेली त्याने पाहिली. मी शाळेत होते. काय बोलणं झालं ते वहिनीने मला नंतर सांगितलं.

"काय गो बाय, ह्या काळोखात बसतेस? येड लागंल. कुणी केलंय हे वायरिंग? दोघांत मिळून एकाचा उजेड नाय."

"तुझ्या दाजींनी."

"दाजींना मातीतलं कळायचं. हे आमचं खातं."

आणि त्याने सगळ्या जोड्या सोडवून प्रत्येक बल्ब थेट विजेला जोडून दिला. मी संध्याकाळी आले तेव्हा कारखान्याच्या दाराखालून रस्त्यावर उजेड पडला होता. त्या सोमवारनंतर मी आत पाऊल टाकलं नव्हतं. उजेड पाहून मला राग आला. का आला ते समजलं नाही. मी जिना चढून वर गेले.

तेरावं झालं. कारागीर तोवर दुसऱ्या कारखान्यांत लागले होते, ते परत आले नाहीत. शाळेत नेमका तोच धडा आला. आता मुलांच्या घरात पिवळा बल्ब नसतो. टॉर्चचे छोटे बल्ब आणि सेल घेऊन मी वर्गात गेले. एकसर जोडणीत सगळे मंद, समांतरमध्ये सगळे लख्ख. मग एकसर जोडणीतला एक बल्ब काढून दाखवायचा असतो. मी काढला. सगळे विझले. पुढचं वाक्य मला येईना. तो बल्ब तसाच मुठीत धरून मी उभी राहिले. वर्गाला घरचं माहीत होतं. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, लावू परत?" तिने लावला.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, एक कमी वॅटचा आन् एक जास्त वॅटचा लावला तर?"

"एकसर जोडणीत कमी वॅटचा जास्त प्रकाश देतो."

"आमच्या घरात पण धाकटाच जास्त पेटतो," तो म्हणाला आणि वर्ग हसला. मीही हसले असेन. मग फळ्यावर मी सूत्र लिहिलं. दोन सारखे बल्ब एकसर जोडले तर प्रत्येकाला अर्धा दाब, म्हणून चौथाई शक्ती. खरं तर चौथाईपेक्षा थोडी जास्त, कारण तार कमी तापली की तिचा रोधही उतरतो. हे मी नववीला सांगत नाही. लिहिताना काहीतरी टोचत होतं, पण काय ते हाताला लागेना. तास संपला.

शनिवारी शाळा लवकर सुटते. घरी आले तर चुलती जिन्याच्या तोंडाशी उभी. "आत जा तुझ्या वहिनीजवळ," ती म्हणाली. "काय खात नाय, पीत नाय."

त्या सोमवारनंतर मी पहिल्यांदा कारखान्यात गेले. वहिनी पाटांच्या रांगेपुढे जमिनीवर बसली होती. मांडणीवरच्या मूर्ती तडकल्या होत्या. गळ्यापाशी, मनगटापाशी, सोंड पोटाला जिथे टेकते तिथे. एका मूर्तीचा कान सुटून फळीवर पडला होता. उजेड इतका होता की प्रत्येक तडा स्पष्ट दिसत होता.

"मी लावले ना हात," वहिनी म्हणाली.

"पाट ज्याचे त्याला परत दे," चुलती दारातून म्हणाली. "मंगळवारी चांगला दिवस हाय. गावात काय कारखाने कमी नायत. लोकांची सोय होईल."

"देते."

"आणि साचे?" मी विचारलं.

"साचे घेऊन काय करू, ताई? माझ्या हाताला आता देव येणार नाय."

मला तिथे उभं राहवेना. पडवीत गेले. तिथे जमिनीवर, बल्बांपासून लांब, काही मूर्ती होत्या. त्यांनाही वहिनीनेच हात लावला होता, त्याच दिवसांत, तेच फडकं, तेच पाणी. त्या ओलसर होत्या आणि धड होत्या. मी परत आत आले, बल्बाखाली हात धरला आणि लगेच मागे घेतला. वर्गात जे टोचत होतं ते आता हाताला लागलं.

मी तशीच वर निघून गेले.

बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तुझ्या हातून झालं नाही, तुझ्या भावाच्या हातून झालं, असं. ज्या एकट्या माणसाकडे बघून ती दोन घास खात होती, त्याचं नाव मी घ्यायचं. नाही घेतलं तर ती आयुष्यभर स्वतःचे हात बघत बसणार आणि मंगळवारी पाट जाणार. एकदा पाट परत गेले की कारखाना बंद. पुढच्या वर्षी ते पाट दुसरीकडे गेलेले असतात, आणि वहिनीला दुसरं काम येत नाही. माझ्या पगारात आम्हा दोघींचं भागलं असतं, पण ती कधी माझ्या पगारात राहायला आली नव्हती. तिने घर या मातीवर चालवलं होतं.

रविवारभर मी घरात फेऱ्या घातल्या. वहिनी ओल्या फडक्याने एकेक पाट पुसत होती. पाठीवरचं आडनाव पुसलं जाऊ नये म्हणून कडेकडेने. मी दोनदा खाली गेले आणि दोन्ही वेळा काहीतरी वेगळंच विचारून वर आले. दुसऱ्यांदा तिने वर पाहिलं.

"मास्तरीणबाई, मीठ संपलंय काय, हे विचारायला जिना उतरलात?"

"हो."

"नाय संपलेलं. मगाशी पण नव्हतं."

सोमवारी शाळा सुटल्यावर फाटकाशी वहिनीचा भाऊ उभा होता. डोक्यावर हेल्मेट तसंच, हातात प्लास्टिकची पिशवी.

"ताई, आज रात्रपाळी हाय, यायला जमणार नाय. हे बायला द्या. दोनशेचे हायत. आता कुठे मिळत नायत, एका जुन्या दुकानात सापडले."

"दोनशेचे?"

"शंभरात काय होतं? मूर्ती ओल्या राहतात म्हणून बाय रडते ना, ह्यांनी लवकर सुकतील." त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि मोटरसायकलला किक मारली. मग थांबला. "ताई, ती जेवते ना?"

"जेवते," मी म्हणाले.

गाडीत पिशवी मांडीवर ठेवून बसले. बल्ब एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरली होती, त्यामुळे पुस्तक उघडायचा प्रश्न नव्हता. बाहेर कुंडलिका नदीला तांबडं पाणी आलं होतं, मग शेतं, मग कासू स्टेशनच्या अलीकडे अंधारून आलं. मी वाक्यं जुळवत होते. आधी हे सांगायचं, मग ते. भाऊ हा शब्द न वापरता कसं सांगता येईल. कसंच येत नव्हतं. पेण आलं तेव्हा एकच ठरलं होतं, की वाक्यं नकोत.

घरी येऊन माळ्यावरून तो जुना लाकडी बोर्ड काढला. दोन्ही होल्डर शाबूत होते. एकसर जोडणी केली, शंभरचे दोन बल्ब लावले, आणि बोर्ड कारखान्यात नेऊन मांडणीशेजारी टांगला. वहिनी बघत राहिली.

"हे काय आणि?"

"दोन कान कर."

"काय?"

"गणपतीचे. सारखे. एकाच गोळ्यातून."

"मी माती सोडली, ताई."

"गणपतीचे नको तर हत्तीचे कर. हत्तीला सुतक नसतं."

ती हसली नाही, पण उठली. शाडूच्या पिंपाशी जाऊन गोळा काढला, थापला आणि बोटांनी दोन कान केले. मी एक कान मांडणीवर झगझगीत बल्बाखाली ठेवला, दुसरा बोर्डावरच्या मंद बल्बाखाली, तेवढ्याच अंतरावर. दोन्हींना तिचाच हात लागला होता, हे तिला सांगावं लागलं नाही.

"सकाळी बघू," मी म्हणाले.

मंगळवारी मी गाडी सोडली. शाळेला फोन केला की येत नाही. खाली गेले तर वहिनी माझ्या आधी तिथे होती. मांडणीवरचा कान कडेने वळला होता आणि मधोमध फाटला होता. वहिनी दुसरा कान तळव्यावर घेऊन उभी होती. तो अजून थंड होता, गडद, आणि अखंड. तिने बल्बाजवळ दुसरा हात नेला. आधी मंद, मग लख्ख. हात मागे घेतला. पुन्हा मंदाजवळ नेला आणि तिथेच ठेवला.

"हे पहिल्यासारखं हाय," ती म्हणाली. "हे असायचं."

"हो."

"म्हणजे माझ्या हाताने नाय झालं."

"नाही."

ती कान तळव्यावर फिरवत राहिली. पुढचं तिला कळणार हे मला ठाऊक होतं आणि मी काही करू शकत नव्हते. तिच्या चेहऱ्यावर ते आलेलं मी पाहिलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी."

"आणि मिठाचं विचारत बसलात." मग कान अलगद फळीवर ठेवत, "त्याला सांगायचं नाय."

"मी नाही सांगणार."

"काकीला पण नाय. तिला सांगितलं म्हणजे रोह्याला पोचलं."

चुलती आली तेव्हा वहिनीने तिला एवढंच सांगितलं की पाट जाणार नाहीत. "माती नीट सुकली नव्हती, काकी. परत भिजवते." चुलतीने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतले दोनशेचे बल्ब एकेक करून पुन्हा कागदात गुंडाळत होते. ती म्हणाली, "तुम्ही दोघी शिकलेल्या बाया. करा काय करायचं ते." वहिनी चौथी शिकली आहे. पण चुलतीने तिला माझ्यात धरलं आणि ते आम्हाला दोघींनाही बरं वाटलं.

दुपारी वहिनीने भावाला फोन लावला. "लाईट डोळ्यांत जाते रे. डोकं दुखतं. पहिलं होतं तसं करून दे." पलीकडून तो बराच बोलला. वहिनी फक्त "व्हय, व्हय, पण तसंच कर" म्हणत राहिली.

तो आला. कुरकुरत शिडीवर चढला आणि पुन्हा जोड्या बांधू लागला. तडकलेल्या मूर्ती तोवर मोडून पाण्याच्या टाकीत भिजत घातल्या होत्या. शाडूचं ते एक बरं असतं, भाजलेली नसली की माती परत माती होते. एका सोंडेचा तुकडा पाण्याच्या वर आलेला दिसत होता. शिडीवरून त्याने टाकीत पाहिलं, मग हातातल्या बल्बाकडे पाहिलं. तो अजून थेट विजेवर, लख्ख पेटता होता. त्याने तो दुसऱ्या तळव्याजवळ धरला, मग लांब केला.

"ह्या कधी मोडल्या?" त्याने विचारलं.

"मागेच," वहिनी म्हणाली. "चहा घेतोस ना?"

त्याने उरलेल्या जोड्या एकेक करून बांधल्या. काम झाल्यावर खाली उतरून चहा घेतला. जाताना दोनशेच्या बल्बांची पिशवी स्वतःहून उचलली. "हे दुकानदाराला परत करतो," तो म्हणाला. वहिनी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेली, हे ती एरवी करत नाही. पाऊस होता. दोघं छत्रीखाली उभी होती, आणि मी दारातून पाहिलं की ती त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करते आहे.

त्या वर्षी सगळ्या मूर्ती झाल्या नाहीत. ज्या घरांच्या मूर्ती वेळेत होणार नव्हत्या त्यांना वहिनीने स्वतः जाऊन सांगितलं. कुणी रागावलं, कुणी पुढच्या वर्षाचं ठरवूनच टाकलं. डोळे काढायला दुसऱ्या कारखान्यातले एक जुने कारागीर आले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेवटचा पाट गेला आणि खोली रिकामी झाली. वहिनीने झाडू मारला आणि वर येऊन झोपली.

आता कारखाना वहिनी चालवते. मी रोह्याला जाते आणि येते. संध्याकाळी खालून मातीवर हात मारल्याचा आवाज येतो, तो दादाच्या हाताचा नाही.